रिकामा रकाना

काट्यावर वजन येतं, नाव येत नाही.
नाव विचारावं लागतं,
आणि विचारायचं काम माझं होतं,
अकरा वर्षं, गेथिन प्रॉसरच्या भंगारवाड्यात,
वेल्सच्या या अरुंद दरीत, नदीच्या खालच्या अंगाला,
जिथे पूर्वी कोळसा धुवायचे.

टेबलावर पिवळी नोंदवही:
तारीख, धातू, वजन, गाडीचा नंबर,
नाव, पत्ता, ओळखपत्र.
काचेवर माझ्याच अक्षरात कागद:
रोख मिळणार नाही. कोणालाही नाही.

नोव्हेंबरात इड्वल आला.
बाळाची जुनी ढकलगाडी, आणि तिच्यात
पांघरुणात गुंडाळलेली तांब्याची नळी.
स्वतःच्याच घरातली. वरच्या मजल्याचं पाणी तोडून कापलेली,
कारण वर आता कोणी झोपत नव्हतं.
साडेआठ किलो.
लायसन? मी विचारलं.
नजर गेली तेव्हा परत केलं.
पासपोर्ट?
तो हसला. कुठे जायचं होतं मला?
बँकेचं खातं बायकोच्या नावावर,
आणि बायको चॅपलच्या मागे.

मी प्रॉसरकडे पाहिलं, प्रॉसरनं खिडकीबाहेर.
मग गल्ल्यातून नाही, खिशातून
त्यानं नोटा काढल्या.
मी वजन लिहिलं.
पुढचा रकाना सोडला.

गुन्हा घडतो म्हणतात. हा घडला नाही,
हा नुसता राहून गेला,
दोन बोटं रुंद, कोरा.

कोऱ्या जागेची सवय लागते.
पुढची एका विधवेसाठी सोडली, तिच्या नंतरची
माझ्यासाठी केक आणणाऱ्या व्हॅनवाल्याला.
मग फेब्रुवारीत डोंगरापलीकडची दोन पोरं आली.
स्वेटरांना जळक्या रबराचा वास,
तांबं मात्र लख्ख, नुकतंच सोललेलं.
मला कळलं होतं.
हे मी कोर्टातही सांगितलं,
कोणी विचारलं नव्हतं तरी.

आदल्या रात्री वरच्या रस्त्यावरचे चौदा फोन मुके झाले होते.
ग्वेनलियन बेडो न्हाणीत पडली
आणि सरपटत फोनपर्यंत गेली.
सकाळी सापडली तेव्हा रिसीव्हर कानाशी होता.
हाड जुळलं. रस्त्यात भेटली की
ती अजून हात वर करते.
त्यापेक्षा तिनं तोंड फिरवलं असतं तर.

तीन न्यायाधीश. मधल्या बाईंना सर्दी झालेली.
सरकारी वकिलानं नोंदवही उघडून बोट ठेवत
एकेक मोजली. सदतीस कोऱ्या जागा.
पोरांना आठ महिने कैद.
प्रॉसरला जागेगणिक दंड, आणि परवाना गेला.
तो उभा राहून एवढंच म्हणाला,
आयुष्यात कधी काटा मारला नाही, बाईसाहेब.
आणि ते खरं होतं. दर सोमवारी
तो काट्यावर वीस किलोचं माप ठेवून बघायचा,
दाढी करावी तसा, न चुकता.

मला एकशेवीस तास बिनपगारी काम.

पहिली जागा कोणाची, वकिलानं विचारलं होतं.
आठवत नाही, मी म्हणाले.
शपथेवर बोललेलं तेवढं एकच खोटं.
त्याचा दंड अजून कोणी लावलेला नाही.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी
नारिंगी जाकीट घालून मी चॅपलमागे
दगडांवरचं शेवाळं खरवडते. तारेचा ब्रश,
बादली, गुडघ्याखाली पोतं.
दगडांवर सगळं भरलेलं असतं:
नाव, घर, जन्म, मरण,
कुठे कुठे खाणीचं नावही.

इड्वलच्या बायकोचा दगड भिंतीलगत.
तिचं नाव वर. खाली लिहिलंय "आणि तिचा पती",
त्याच्या पुढे
गुळगुळीत, मोकळी जागा.

पाटबंधऱ्याकडून वारा येत होता.
मी तिच्याभोवतीचं शेवाळं काढलं,
कडांना, कोपऱ्यांना,
आणि वहीत तास लिहिले: दोन.
सहीच्या रकान्यात सही केली.