पत्र्यावरची माणसं

ब्रॉकटनबाहेरच्या मैदानावर बाजार भरतो
तेव्हा गवत अजून ओलं असतं.
माझ्या खिशात लोहचुंबक, गळ्यात भिंग,
थर्मासमध्ये कालचीच कॉफी.
विकणारे ओळखतात. “आल्या पत्र्यावाल्या बाई,” म्हणतात
आणि टेबलाखालचा खोका पायानंच पुढे सरकवतात.

मला सेनापती नकोत. लग्नाची जोडपी नकोत.
झालरीच्या झबल्यातली बाळं तर नकोतच,
त्यातली कितीतरी झोपलेली नसतात.

मला हवेत
कामाच्या कपड्यांतच फोटोवाल्याकडे गेलेले लोक.
तळ्यातला बर्फ कापणारा, करवत छातीशी धरून
जसं कुणी पोर धरतं.
इस्त्रीवाल्या दोघी, बाह्या कोपरावर,
एकीच्या गालावर रंगाऱ्यानं न विचारता लावलेली लाली.
काचेच्या भट्टीतला मुलगा, वय नऊ असेल,
नळी त्याच्याहून लांब.
डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा;
बुटांच्या मागे त्याचा पाय दिसतो, तिसरा पाय.
सगळं अंग स्थिर राहतं, हात तेवढा राहत नाही.
हाताच्या जागी धुकं.
रिकामं बसायची त्याला सवय नसावी.

अॅम्ब्रोज होता तेव्हा म्हणायचा,
“घरच्यांचा एक नाही, आणि परक्यांचे दोनशे!”
खरं होतं. माझ्या बापानं चाळीस वर्षं चामडं कापलं,
त्याचा फोटो एकच, कारखान्याच्या बिल्ल्यावरचा,
त्यातही नंबर ठळक, चेहरा पुसट.

नावं कुणाचीच मिळत नाहीत.
मागे कधी पेन्सिलीनं नुसतं “काका”,
एकदा “हा परत आला नाही”.

पत्र्यावर माणूस आरशातल्यासारखा उमटतो.
म्हणून माझे लोहार, सुतार, पिंपं बांधणारे,
सगळेच्या सगळे डावखुरे.
नवखे गिऱ्हाईक फसतात, मी नाही.
मी आधी कोटाची बटणं बघते:
बाप्याचा कोट बाईच्या कोटासारखा मिटलेला दिसला
की समजायचं, उलटंच आहे सगळं.

या वेळी खोक्याच्या तळाशी
एक बूट शिवणारा निघाला, कोपऱ्यावर गंज,
ओठांत चार खिळे, मांडीवर उपडा बूट.
बटणं उलटी. आणि हातोडा
उजव्या हातात.

भिंग पुसलं. पुन्हा बघितलं.

म्हणजे हा खरोखरचा.

मिस हॅलोरन माझा डावा हात खुर्चीला बांधायच्या,
रिबिनीनं, निळ्या, जरा छानशाच.
पुढे कारखान्यात कात्री उजवी, मशीन उजवं,
तीस वर्षं मीही उजवीच होते,
भाकरी त्याच हातानं मिळवली, तक्रार नाही.
फक्त झोपेत उशी डाव्या हातानं सारखी करायचे,
अॅम्ब्रोजला तेवढं ठाऊक होतं.

याला कुणी बांधलं नव्हतं का?
की बांधलं होतं, आणि फोटोच्या दिवशी
यानं मुद्दाम हात बदलला?
कळायला मार्ग नाही. चेहऱ्यावर काही नाही,
तोंडात खिळे असले की माणूस फार बोलत नाही.

“बारा डॉलर,” विकणारा म्हणाला, “गंजलाय म्हणून दहा.”
मी बाराच दिले.

घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता
मोरीतल्या आरशासमोर त्याला धरलं.
आरशात हातोडा डावीकडे गेला,
बटणं जागेवर आली, तो सुलटा झाला.
आणि त्याच्यामागे मी, उलटी,
केस विस्कटलेले, खिशावर चुंबकाचा फुगवटा,
आरशापुरती उजव्या हाताची.

मग हात दुखायला लागला. डावाच.
पत्रा फ्रिजवर लावून ठेवलाय,
दुधाच्या बिलाशेजारी.