काळंनिळं

गुरुवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर
जखमा शिजतात.
जिलेटिनची दोन पाकिटं, चमचाभर ग्लिसरीन, मंद आच.
उकळी येऊ द्यायची नाही, बुडबुडे धरतात
आणि भाजलेली कातडी
साबुदाण्याच्या पापडासारखी दिसते.
रक्ताला कॉर्नफ्लोअर, लाल रंग
आणि चिमूटभर कोको, कारण खरं रक्त
इतकं आनंदी नसतं.
संडरलँडच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढल्यावर
एवढं तरी कळतं.

शेजारच्या डोरीनला मी आजवर
तीनदा जिन्यावरून पाडलंय,
एकदा चिप्सच्या कढईत भाजलंय.
ती खुर्चीत बसते, चहा मागते,
गुडघ्यावरचं ओटमीलचं खरचटणं बघून म्हणते,
"जरा वाढव गं, मागच्या वेळी कुणी विचारलंच नाही."
तिच्या गोऱ्या दंडावर निळं, जांभळं, कडेनं पिवळं,
डबीतून सरळ उचलायचं, की झालं.
विद्यार्थी दारातूनच ओळखतात.

या खेपेला डोरीन बहिणीकडे गेली
म्हणून शाल्मलीला बसवलं.
सोळा वर्षांची, डोकं फोनमध्ये,
हात माझ्या स्वाधीन.
तेच निळं लावलं. राख सांडल्यासारखं दिसलं.
पिवळं लावलं, तर हळद लागलेल्या नवरीचा हात.
पुसलं. परत लावलं. परत पुसलं.
ती म्हणाली, "आई, मला लागतच नाही की काय?"

मग एक रात्रपाळी आठवली.
पलंगावर माझ्याच रंगाची बाई,
चार्टवर तीन दिवस तेच अक्षर: त्वचा शाबूत.
मी कंबरेखाली हात घातला
तर उतरवून ठेवलेल्या तव्यासारखं ऊबट,
आणि मऊ, पिकल्या पेरूइतकं.

काळंनिळं म्हणतो आपण. काळं आधी.
कुणीतरी नीट बघून जोडलेला शब्द असणार.

फडताळाच्या तळाशी आमसुलं होती.
चार भिजवली, बोटांनी कोळली.
बिटाचा रस, कोको, थोडं काजळ.
थर चढत गेले तसा तो दंड
तपकिरी, अजून तपकिरी, आणि मग
एकदम आतून जांभळा.
मीच केलेलं, तरी तोंडातून गेलं,
"कुठं आपटलीस?"

शुक्रवारी कॅलमनं,
पहिल्या वर्षाचा, केस अजून ओले,
दंड उलटसुलट करून लिहिलं: काही नाही.
मी त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.
उजेडाकडे वळव. शेजारची कातडी बघ.
आणि तिला विचार.
त्यानं हे वहीत उतरवून घेतलं.
विचारलं मात्र प्रेशसनं.
शाल्मली ठरल्याप्रमाणे म्हणाली,
"कपाटाच्या दारावर आपटले."
प्रेशस तिच्याकडे बघत राहिली,
पेन उघडं, लिहीना.

घरी निघताना सगळं धुतलं.
आमसुलाचा डाग काही साबणाला दाद देईना.
बसच्या ड्रायव्हरनं
तिकीट देता देता शाल्मलीचा हात पाहिला,
मग मला, मग पुन्हा तिला.
"ठीक आहेस ना, पेट?"
इथं लाडानं म्हणतात तसं.
लहानपणी तिला वाटायचं
लोक तिला पेटायला सांगताहेत.

"मेकअप आहे," ती म्हणाली.
मी जोरात मान हलवली,
जरा जास्तच जोरात.
तो लगेच निघाला नाही.
दार उघडं, नदीवरचा वारा आत,
मागं माणसं खोळंबलेली,
आणि मी, संशयित,
डब्यांची पिशवी पोटाशी धरून
मनातल्या मनात त्याला म्हणत होते,
बघ बाबा, अजून थोडा वेळ बघ.