पुरावा

वडूजच्या कचेरीत खिडकी नंबर तीन.
"पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आण," साहेब म्हणाले,
"जन्माचा, शाळेचा, जमिनीचा, कसलाबी."

जन्म येरळेच्या काठाला, पालात.
शाळा बापानं बघितली ती कुंपणाबाहेरून,
आणि जमीन म्हणाल तर
पाठ टेकण्यापुरती,
तीही उजाडायच्या आत सोडायची.

आजा बिजल्या.
त्यानं पोराचं नाव ठेवलं फौजदार,
म्हणजे एक तरी फौजदार
आपल्या हाकेला ओ देईल.

कुणीतरी म्हणालं, ठाण्यात बघ.
चार दिवस हेलपाटे. पाचव्या दिवशी हवालदारानं
वाळवी झटकून वही उघडली:
बिजल्या वल्द लख्या, जात पारधी,
वय अंदाजे तीस, उजव्या गालावर वण.
संशयित.
कशाचा, तो रकाना कोराच.

सबंध सरकारदरबारी आमच्या घराण्याची
ही एवढी एक ओळ.
अक्षर मात्र मोत्यासारखं.
मी बोट फिरवलं गालावरच्या वणावरून.
आजाचा फोटो नाही आमच्याकडं.

झेरॉक्सवर शिक्का बसला. दाखला मिळाला.
साताऱ्याला नर्सिंगला नंबर लागेल आता,
मॅडम म्हणाल्यात.

पालावर आले तर चूल गार.
चुलती भुईकडं बघत बोलली,
"औंधच्या रस्त्याला घर फुटलं रात्री.
फौजदाराला फौजदार घेऊन गेला."

मी दाखला पिशवीतनं काढला,
परत आत ठेवला,
वह्यांच्या मधोमध,
घडी पडू नये म्हणून.
आणि ठाण्याच्या वाटेला लागले.
वाट पाठच आहे.