व्युत्पत्ती अनिश्चित

वाईत, कोशाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर
'ह'ची कार्डं माझ्याकडे आहेत.
हरताळ झाला. हरभरा झाला.
आता हर्मीस:
ग्रीकांचा एक देव. वाटांचा, व्यापाऱ्यांचा, चोरांचा,
मेलेल्यांना खालच्या लोकापर्यंत पोचवून येणारा.
इथवर सरळ आहे.
पुढे एक रकाना: नावाचा उगम.
तिथे नऊ दिवस पेन अडलंय.

एक मत असं, की 'हर्मा' म्हणजे दगडांची रास,
वाटेकडेची, शिवेवरची;
येणाऱ्याजाणाऱ्यानं एकेक दगड टाकायचा.
राशीत राहतो तो हर्मीस.
हे वाचून दाखवलं, तर टंकलेखक दगडे म्हणाले,
"म्हणजे आमच्या भावकीतलाच की."
आणि तासभर खूश होते.

दुसरं मत जुनं, आता फारसं कुणी मानत नाही:
वेदातली सरमा, इंद्राची कुत्री,
तिची पोरं सारमेय;
'स'चा 'ह' केला की झाला देव.
आपल्याला यात नवल नाही.
सप्ताहाचा हप्ता झाला
आणि तो आपण दर महिन्याला भरतो.
पण जाणकार मान हलवतात, स्वर जुळत नाहीत म्हणतात.

खिडकीखाली घाटाच्या पायऱ्यांवर
एक सारमेय, फाटक्या कानाचा,
कृष्णेकडे पाठ करून झोपला होता.
मी हाक मारली, "हर्मीस!"
त्यानं एक डोळा उघडला.
कार्डावर घेता येईल असा हा पुरावा नाही.

तिसरं मत म्हणतं, शब्द ग्रीक नाहीच.
त्यांच्या आधी तिथे जे कोण राहत होते त्यांचा.
त्यांची बोली गेली, चुली गेल्या,
देव तेवढा नव्यांनी ठेवून घेतला,
जमीन विकत घेताना
विहिरीवरचा रहाट आपसूक येतो तसा.

फार जुनी एक नोंद मातीच्या पाटीवर आहे.
राजवाडा जळाला,
त्यात पाटी भाजून निघाली, म्हणून टिकली.
स्तोत्र नाही ते. हिशेब आहे.
हर्मीसला: सोन्याचा पेला एक. माणूस एक.
पेल्याला नाव नाही, हे समजतं.

रविवारी पसरणीच्या वर गेले, जुन्या पायवाटेनं,
जिथून एसटी जात नाही.
खिंडीत रास आहे, कमरेएवढी.
शेंदूर नाही, घंटा नाही, दानपेटीसुद्धा नाही.
फुलाबाई शिळीमकर जळण घेऊन उतरत होत्या.
एका हातानं भारा सावरत
गुडघ्यात वाकल्या, खडा उचलला,
राशीवर टाकला. टक्.

"कुणाचा देव, मावशी?"
"वाटंचा."
"नाव?"
"नाव घिऊन काय करतीस?
खडा टाकायचा. न्हाईतर पाय दुखत्यात."
दहा पावलं खाली गेल्यावर, मागं न बघता:
"माझी सासू कायतरी म्हनायची त्येला.
ध्यानात न्हाई आता."

मीही एक दगड उचलला. काळा, एका बाजूनं गुळगुळीत.
सगळ्यात खाली कुणी, काय म्हणून ठेवला
ते बघायचं, तर रास उपसावी लागणार.
मग तळाचा दगड सापडेल,
रास सापडणार नाही.
असलं काहीबाही मनात येत राहिलं,
आणि ढग भरून आले म्हणून घाईनं उतरले.

सोमवारी कार्ड पुरं केलं.
तिन्ही मतं, प्रत्येकी एक ओळ,
शेवटी: व्युत्पत्ती अनिश्चित.
दगडे म्हणाले, "नऊ दिवसांत एवढंच, मॅडम?"
पंखा जोरात होता, कार्डं उडायला लागली.
पिशवीत हात घातला तर
टाकायचा राहिलेला तो दगड.
'ह'वर ठेवून दिला.

आज सकाळपासून
पोटऱ्या नुसत्या भरून आल्यात.