टेकू

केळीला हाड नसतं.
हे मला सुभान तडवीनं सांगितलं,
जळगावच्या सिव्हिलमध्ये, बारा नंबरच्या खाटेवर,
नडगीत आरपार घातलेल्या सळईला
सात किलो टांगलेले असताना.
वजनं कमी पडली म्हणून दोन विटा मीच बांधल्या होत्या.
वॉर्डातली पोरं जाता-येता त्यांना झोका द्यायची,
मी ओरडायचो. मी इथला प्लास्टरवाला,
अठ्ठावीस वर्षं.

रावेरपलीकडं, पालच्या रस्त्यावर ट्रक भरत होते.
डोक्यावर घड, पायाखाली फळी,
फळीवर केळीचा चीक.
तो पडला, आणि मागं येणाऱ्या ट्रॉलीचं चाक
मांडीवर थांबलं.
‘गेलं नही, थांबलं,’ असं तो दरवेळी सांगायचा,
जणू चाकाची बाजू घ्यायची होती.

‘आवाज कसा आला?’
हे मी सगळ्यांनाच विचारतो.
कुणी म्हणतं ऊस मोडल्यासारखा, कुणी वाळली तुराटी.
सुभान म्हणाला, ‘आवाज ऐकलाच नही भो.
पाय पाह्यला.
पाऊल दुसरीकडंच पाहत होतं.’

बाहेर रक्ताचा थेंब नव्हता.
मांडी कलिंगडासारखी तटतटलेली,
तो पाय या पायाहून दोन बोटं आखूड.
रोशनबी विचारत होती, रक्तच नही तर बाटल्या कशाला?
डॉक्टरीणबाईंनी मांडीकडं बोट केलं.
आतच आहे. दीड लिटर असेल.
मग रोशनबी खाली बसली.
मी त्याच्या पावलावर नाडी शोधली,
सापडली तिथं बॉलपेननं फुली मारली,
रात्रीच्या सिस्टरला अंधारात शोधावी लागू नये.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं.
त्याला आणलं तेव्हा पायाला दोन बांबू होते,
केळीला टेकू द्यायचे तेच.
एक काखेपासून, एक जांघेपासून,
मध्ये वाळल्या सोपटाची गादी.
सुतळीच्या गाठी कमरेला, गुडघ्याला, घोट्याला,
आणि मोडल्या जागेवर एकही नाही.
सत्तर किलोमीटर, भुसावळचे खड्डे धरून,
हाड कातडीबाहेर आलं नव्हतं.
मी सुरी खाली ठेवली, शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली.
आधी हे बघून घ्या, मग सोडतो.
‘कुणी बांधलं?’
‘आमच्याच टोळीनं. वादळाच्या आधी आठशे झाडं बांधली यंदा.
मी आठशे एकावं.’

चौथ्या दिवशी रोशनबीचा मामा आला, हाडवैद,
पिशवीत तेलाची बाटली.
मी दारातच उभा राहिलो.
घट्ट बांधलेले काळे पडलेले हात
मी किती सोडलेत, त्याचा हिशोब माझ्याकडं आहे.
त्यानं फिल्म मागितली. खिडकीकडं धरली.
बराच वेळ धरली.
‘हे माझं काम नही,’ म्हणाला,
आणि बाटली तशीच पिशवीत घातली.
त्याच्यासाठी चहा मी आणला.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं.
हाड आतून पोकळ असतं हे सुभानला पटेना.
त्या पोकळीतूनच सळई सरकवलीय,
वर स्क्रू, खाली स्क्रू, मी हातानं दाखवलं.
तो दोन्ही तळवे बघत राहिला.
‘म्हणजे टेकू आतून.’

मे महिना होता. प्लास्टर बादलीतच घट्ट व्हायचं.
त्याला गुडघा वाकवायला लावायचो,
तो मला शिव्या द्यायचा, त्याच्या बोलीत,
मला अर्ध्याच कळायच्या.

सहाव्या आठवड्याची फिल्म:
मोडल्या जागेभोवती फिकट काहीतरी, पिंजल्या कापसासारखं.
जमतंय, म्हणालो.
चौथ्या महिन्यात एक कुबडी टाकून आला,
थोडा लंगडत. ते थोडं राहीलच बहुतेक.
‘सळई काढणार?’
‘नाही काढली तरी चालते.’
‘मग मेल्यावर ती कोणाची, सरकारची का माझी?’
मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

‘केळ मोडली की मोडली,’ तो म्हणाला,
‘तिची कुणी फिल्म काढत नही. बाजूनं पील येतं.
आपल्या बाजूनं काय येतं?’
आणि पोत्यातून ओल्या मातीसकट एक पील काढलं.

प्लास्टर रूमच्या मागं, जिथं बादल्यांचं पांढरं पाणी सांडतं,
तिथं ते लावलं. जगेल असं वाटलं नव्हतं.
आता माझ्या खांद्यापर्यंत आलंय.
घड अजून लांब आहे.
त्याची टाकलेली कुबडी मात्र
मी आत्तापासूनच लावून ठेवलीय.