दक्षिणेकडे तोंड

सकाळी आठलाच तेजल खोंड आमच्या धायरीच्या गच्चीवर.
कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला पाना.
"सुटला तर खाली कुणाचं डोकं नको फुटायला, काका."
मी शिडी धरतो.
चौतीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक वर मीच असायचो,
धरायचं दुसऱ्यानं.

सहा पॅनेल.
स्लॅबला भोक पाडायचं नाही, हे हिचं पहिलं कलम,
म्हणून पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत रोवलेले.
दुसरं कलम कुरडयांचं: पूर्वेचा कोपरा मोकळा हवा.
तिसरं निघालं तेजलनं मोबाइलवर होकायंत्र उघडल्यावर.
"दक्षिणेला तोंड?
आमच्यात निरांजनाची वातसुद्धा तिकडे करत नाहीत."
"सूर्य तिकडूनच जातो, काकू. माझा इलाज नाही."
ही खाली गेली, हळदकुंकू घेऊन आली,
आणि सहाही पॅनेलना पूर्वेच्या कडेनं बोट लावलं.

मग वायरी. लाल, काळी.
जोड बसला की टक् वाजतो,
नाही वाजला तर बसलेलाच नाही.
मी सवयीनं खिशातला टेस्टर काढला
तर पोरीनं हात धरला माझा.
"ही डीसी आहे काका. ऊन आहे तोवर जिवंतच.
तुमच्या विजेला बटण होतं,
हिला फक्त संध्याकाळ."

अर्थिंगवरून तासभर वाद.
मी कोळसा आणि मीठ म्हणत होतो,
तिनं कसल्याशा पावडरीची गोणी आणलेली.
पावडर तिची राहिली. खड्डा मी खणला.

साडेतीनला टाकीची सावली
तिसऱ्या पॅनेलच्या कोपऱ्यावर आली, तळहाताएवढी.
तेवढ्यानं अख्खी ओळ मंदावते म्हणे.
टाकी दोन फूट सरकवली. प्लंबरचे अठराशे वेगळे.

मीटर यायला सात आठवडे.
ज्या ऑफिसात मला शाल आणि नारळ दिला
तिथंच अर्ज घेऊन रांगेत उभा राहिलो.
नव्या पोरांनी ओळखलं नाही. बरंच झालं.

आणि मग तो गुरुवार.
मे महिना, दुपारचे बारा, गच्चीवर पाय ठेववत नाही
आणि घरात पंखा थांबला.
भिंतीवरचा इन्व्हर्टर टक् करून गप्प. लाल दिवा.
"वर एवढा सूर्य आणि आपण घामात?
दीड लाख घालून?" ही.
कठड्यापलीकडून टिळेकर: "फसवलं वाटतं तुम्हाला."

मी लगेच काही बोललो नाही.

मुंढव्याचा फीडर, ब्याण्णव साल.
लाइन बंद. परमिट हातात.
फ्यूज मी स्वतः काढून खिशात घातलेले.
वर इस्माईल तांबोळी.
पलीकडच्या मंगल कार्यालयानं जनरेटर सुरू केला,
मेन स्विच न पाडता.
वीज उलट्या पावली आली,
कार्यालयातून डीपीत, डीपीतून तारेत.
तिची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.
फ्यूज माझ्या खिशात खुळखुळत होते.
त्या दिवशी शिडी मी धरली होती.
लग्न वेळेवर लागलं, असं नंतर कळलं.

"बिघडला नाहीये तो," मी टिळेकरांना म्हणालो.
"लाइन मेली की हा आपण होऊन मरतो.
खांबावर माणूस असतो."
"कुठल्या खांबावर?"
"कुठल्याही."

ते आत गेले. ही पुठ्ठ्यानं वारा घेत
माझ्याकडे बघत राहिली थोडा वेळ.
इस्माईलची बायको हिच्याकडून मेथीचं लोणचं न्यायची.

पावणेतीनला वीज आली, पंखा फिरला.
इन्व्हर्टर मात्र लगेच उठत नाही.
तीनशेपासून उलटे आकडे मोजतो.
मी स्टूल ओढून समोर बसलो.
दोनशे नव्वद. दोनशे एकोणनव्वद.
एवढ्या वेळात माणूस खांबावरून उतरतो,
पट्टा सोडतो,
हातमोजे बगलेत धरून
निवांत तंबाखू मळतो.