सरू आणि सुरू

गिटार माझ्याकडे आली तेव्हा पाऊस जाऊन महिना झाला होता,
तरी पेटीतल्या मखमलीवर बुरशी होती.
"पोट फाटलां तिचां," रुजार सोज म्हणाला,
एखाद्या गाईबद्दल सांगावं तसं.

मी चितारआळीतला. लाकडाचे आंबे, लाकडाची केळी
रंगवून टोपलीत मांडणारा.
वाद्य म्हणून आजवर भजनातली पेटी तेवढी उघडलेली,
तीही उंदीर शिरला म्हणून.

लाकूड हुंगलं. परकं, तरी कुठेतरी भेटलेलं.
"सरू," तो म्हणाला.
"सुरू? शिरोड्याच्या किनाऱ्यावर रांगाच्या रांगा आहेत."
"तो उकार काढून टाक.
त्या एका उकारापायी मी चौतीस वर्षं बाहेर होतो."

आठ दिवस तो रोज यायचा, सरस सुकतो का बघायला,
आणि तुकड्यातुकड्यानं सांगायचा.

आई उभादांड्याहून चालत काजूच्या कारखान्यात जायची.
पायानं पट्टी दाबायची, हातानं बी फिरवायची,
कट्. पुढची.
चिकानं बोटं काळी, राख चोळूनही काळी.
रविवारी पाद्रीपुढे ती मुठी मिटून उभी राहायची,
नुसती जीभ पुढे करायची.
पोराला मात्र तिनं कधी बीला हात लावू दिला नाही.
"तुझी नखां ऱ्हवांदेत."
कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेला. खलाशी नव्हे, धोबीखात्यात.
काडिझच्या बंदरात मालक बुडाला, बोट नाही.
पगार थकला. धक्क्यावरच्या खानावळीत तो बशा विसळू लागला.
मागच्या खोलीत एक म्हातारा लोहार
भट्टी विझवून आल्यावर वाजवत बसायचा.
त्यानं रुजारची नखं पाहिली.
बाकी काही विचारलं नाही.

माझ्या रंध्याच्या फळीवर बोटांच्या पेरांनी
त्यानं मला तो ताल दाखवला.
बारावर पाऊल, मग तीन, सहा, आठ, दहा.
"म्हणजे एकतालच की," मी म्हटलं. मी पखवाज धरतो थोडासा.
"एकताल रस्त्यानं येतो," तो म्हणाला,
"हा होडीतून उतरतो. आधी गुडघाभर पाण्यात."

मग नाचणाऱ्या बायांमागची खुर्ची.
शेवटपर्यंत तीच: डावीकडे, उजेडाच्या जरा बाहेर.
तिची टाच आता काय बोलणार ते आधी ओळखायचं
आणि आपण ओळखलं हे कुणाला कळू द्यायचं नाही.
एक तबकडी निघाली. तिच्यावर नाव चुकलं.

आई गेल्याची तार थिएटरात पोचली
तेव्हा पडदा वर जायला वीस मिनिटं होती.
वाजवलंस का, असं मी विचारलं नाही.
त्यानं माझी बारीक कानस उचलली
आणि अंगठ्याचं नख घासत बसला,
बराच वेळ, जिथे घासायला काही उरलं नव्हतं.

परतल्यावर वेंगुर्ल्यात सत्कार झाला.
निवेदकानं हवाईयन गिटार म्हणून ओळख करून दिली.
फ्लॅमेंको हे त्याला आडनाव वाटलं असावं.
पहिल्या रांगेतून सिनेमातल्या गाण्याची फर्माईश आली,
यानं वाजवलंही.
"मग?"
"मग काय. नारळ बरो निघालो."

आतून मी फणसाची पट्टी बसवली. माझ्या परसातल्याच झाडाची,
पिवळी, अजून थोडी चिवट.
बाहेरून दिसत नाही.
नवव्या दिवशी त्यानं गिटार मांडीवर घेतली, वाजवली नाही.
अनामिकेनं पोटावर एकदा ठोकलं आणि कान लावला.

"आवाज जड झालो."
मी गप्प.
"असांदे."

किती झाले विचारलं. मी सांगितले त्याहून वीस जास्त दिले,
पेटी माझ्याकडेच टाकली, बुरशीसकट,
आणि रिक्षात बसला, मांडीवर ती उघडीच.
तारा अजून चढवल्या होत्या पण लावल्या नव्हत्या.
आळीतल्या प्रत्येक खड्ड्यावर गिटार आपोआप घुमत होती.
मी दारात उभा राहून मोजत होतो.
अकरापर्यंत ऐकू आलं.
मग तळ्याचं वळण.